लाइन आली का?

एखाद्या शब्दाचे किती अर्थ असू शकतात, असा प्रश्न वर्गात विचारला की विद्यार्थी शब्दकोशाकडे पाहतात आणि आम्ही खिडकीबाहेर पाहतो. ही सवय आम्हांला एका वहीने लावली. ती हकीकत आधी सांगतो, चर्चा मागाहून.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पदवीच्या पहिल्या वर्षाला आम्ही मराठी शिकवीत होतो आणि 'माझे घर' या विषयावर निबंध लिहून आणायला सांगितले होते. कन्हानहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या वहीत पहिल्याच परिच्छेदात पुढील वाक्ये होती: "आमची लाइन रेल्वे लाइनीला लागून आहे. रात्री लाइन गेली की सारे लोक लाइनीत येऊन बसतात. सकाळी नळाला लाइन लागते. माझा भाऊ ड्रायव्हर लाइनीत आहे." चार वाक्ये, आणि त्यांत सहा वेळा एकच इंग्रजी शब्द. आम्ही तांबड्या शाईचे पेन उचलले आणि परिच्छेद असा करून दिला: "आमची वसाहत लोहमार्गालगत आहे. रात्री वीजपुरवठा खंडित झाला की सारे लोक रांगेत येऊन बसतात. सकाळी नळावर रांग लागते. माझा भाऊ वाहनचालकाच्या व्यवसायात आहे." समासात शेरा लिहिला: 'शब्ददारिद्र्य टाळा.'

दुसऱ्या दिवशी तो मुलगा वही घेऊन शिक्षकांच्या खोलीत आला. तक्रार करण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. तो एवढेच म्हणाला, "सर, रांगेत नाही बसत जी कोणी. रांगेत तं नळावर उभे राहतात. आम्ही लाइनीत बसतो." आणि टेबलावर बोटाने त्याने दोन समांतर रेघा ओढून दाखविल्या. समोरासमोर तोंडे असलेल्या घरांच्या या दोन ओळी, आणि मधली ही मोकळी जागा. या साऱ्याला मिळून लाइन म्हणायचे. आम्ही 'बरे, बरे' म्हणून त्याची बोळवण केली. आमची दुरुस्ती चुकीची होती, हे आम्हांला त्याच क्षणी कळले होते. खरे सांगायचे तर आदल्या रात्री दुरुस्ती करतानाही ते कळत होते, कारण आमचा जन्म अशाच एका लाइनीतला होता.

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघाले की कामठीनंतर नदी लागते. सातपुड्यातून, छिंदवाड्याच्या बाजूने येणारी ही कन्हान नदी पुढे वैनगंगेला मिळते. ब्रिटिश काळातला दगडी कमानींचा पूल ओलांडला की पलीकडे नदीचेच नाव घेतलेले गाव आहे. मुंबई-हावडा लोहमार्ग या गावातून जातो आणि रामटेकचा फाटा येथूनच फुटतो. भोवती कोळशाच्या खाणी आहेत. असे गाव सहसा साहित्यात येत नाही. आले तर एखाद्या पात्राच्या बदलीचे ठिकाण म्हणून येते. आमच्या वडिलांनी मात्र आयुष्य येथेच काढले. परिसरातील एका भूमिगत खाणीत ते पंपखलाशी होते. आम्ही महाविद्यालयात नोकरीसाठी अर्ज केला तेव्हा पत्त्याच्या रकान्यात 'लाइन' या शब्दाच्या जागी 'कामगार वसाहत' असे लिहिले होते. विद्यार्थ्याच्या वहीवर चाललेली शाई त्याच दौतीतली होती.

असो. आता थोडी चर्चा.

इंग्रजीतील साधे, आखूड, रोजच्या वापरातले शब्दच सर्वाधिक अर्थ वाहतात, हे कोशकारांना ठाऊक आहे. ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या संपादकांनी 'रन' या एका क्रियापदाचे सहाशेहून अधिक अर्थ मोजले आहेत. 'लाइन' इतका गडगंज नसला तरी खात्यापित्या घरचा आहे. कागदावरची रेघ, कवितेची ओळ, माणसांची रांग, मासे धरण्याची दोरी, विजेची तार, घराण्याचा वंश, चेहऱ्यावरची सुरकुती, नाटकातील पात्राचे बोलणे, लढाईची आघाडी, धंद्याचा प्रकार, आगगाडीचा मार्ग असे कितीतरी अर्थ त्याच्या पोटात आहेत. मुळाशी गेले तर लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस, आणि जवसाच्या वाखाचा धागा तो 'लिनिया'. लिनन आणि लिनसीड हे त्याच मुळाचे शब्द. आमच्या भागात हिवाळ्यात जवसाला निळी फुले येतात आणि घराघरांत जवसाची चटणी होते. आमची आई ती रोज वाटीत वाढायची. आपण ज्या शब्दाला परका म्हणून हाकलतो त्याचे झाड आपल्याच बांधावर उभे आहे, हे आम्हांला पन्नाशी उलटल्यावर कळले.

मराठीने हा शब्द घेतला तो कसा, हे पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत त्याला लिंग नव्हते. मराठीत आल्याबरोबर तो स्त्रीलिंगी झाला. ओळ, रेघ, रांग, तार, दोरी या त्याच्या साऱ्या मराठी बहिणी स्त्रीलिंगीच आहेत, म्हणून त्यालाही त्यांच्या पंगतीला बसविले असावे. पुढे त्याचे सामान्यरूप झाले, अनेकवचन झाले: लाइनीत, लाइनीला, लाइनी. यात एक गंमत आहे. नागपुरात 'सिव्हिल लाइन्स' आहे. साहेबांच्या बंगल्यांची ती वस्ती. तिच्या शेवटचा इंग्रजी 'स्' आजतागायत कोणी काढलेला नाही. त्याच नागपुरात पोलीस शिपायांची वस्ती मात्र 'पोलीस लाइन' आहे, आणि कन्हानकडच्या मजुरांच्या त्या 'लाइनी'. शब्द एकच. बंगल्यात राहिला तो परदेशी राहिला. मजुरांत राहिला त्याला मराठी विभक्ती लागली.

या शब्दाच्या येण्यालाही आमच्याकडे एक क्रम आहे. कामठीची छावणी १८२१ सालची. पलटणीतील शिपायांच्या झोपड्यांच्या रांगांना 'लाइन्स' म्हणत, तेव्हा हा शब्द नदीच्या अलीकडच्या काठावर बराच लवकर पोचला असणार. पुढे १८८० च्या सुमारास नागपूर-छत्तीसगड रेल्वेचे मीटरगेज रूळ येथून गेले. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ते ताब्यात घेऊन रुंद केले. मग कोळसा आला आणि त्याबरोबर खाणकामगारांच्या लाइनी आल्या. खाणीच्या पोटात डबे ओढून नेणारी टबलाइन होती, आणि बोगदा सरळ जावा म्हणून छतावर चुन्याने मारलेली सेंटर लाइन होती. विजेच्या तारा आल्यावर वीज हीच लाइन झाली. रेशनचे दुकान आले आणि रांग हीही लाइन झाली. एकेका अर्थाबरोबर एकेक वस्तू गावात आलेली आहे. कोशात हे अर्थ १, २, ३ असे आकडे लावून एकाखाली एक मांडलेले असतात. गावात ते एकावर एक चढलेल्या थरांसारखे असतात.

येथे विल्यम एम्प्सन यांची आठवण होते. त्यांचे 'सेव्हन टाइप्स ऑफ अँबिग्विटी' (१९३०) आपल्याकडे अभ्यासक्रमांत असते, पण 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स' (१९५१) फारसे वाचले जात नाही. त्यात ते 'ऑनेस्ट', 'फूल', 'डॉग' असे साधे शब्द घेतात आणि दाखवितात की एका शब्दाचे दोन अर्थ जवळ नांदू लागले की त्यांच्यामध्ये एक न उच्चारलेले विधान तयार होते. बोलणारा ते विधान करीत नाही. शब्दच त्याच्या वतीने करून टाकतो. आम्ही स्वतःला विचारले, की कन्हानच्या 'लाइन'मध्ये कोणते विधान दडले आहे?

उत्तर शोधताना आम्ही त्या शब्दाबरोबर येणारी क्रियापदे लिहून काढली. लाइन येते. लाइन जाते. लाइन लागते. लाइन मिळत नाही. लाइनीत उभे राहावे लागते. लाइनीत क्वार्टर मिळतो. पोरगा चांगल्या लाइनीला लागतो किंवा बिघडतो, मग त्याला लाइनीवर आणावे लागते. उलट बाजूला आपण रेघ ओढतो. ओळ लिहितो. दोरी बांधतो. 'लाइन'च्या इंग्रजी अर्थांपैकी जे अर्थ आपल्या हातांनी करायच्या गोष्टींचे होते, ते कन्हानने घेतलेच नाहीत. त्यांसाठी आपले शब्द जागेवर होते आणि आहेत. कवितेच्या ओळीला आमच्या गावात कोणी लाइन म्हणाल्याचे आम्ही ऐकलेले नाही. जे अर्थ घेतले ते बहुतेक दुसऱ्याने आखलेल्या, दुसऱ्याने सोडलेल्या, दुसऱ्याने बंद केलेल्या गोष्टींचे आहेत. ती आली की आपण उजेडात, गेली की अंधारात. लाइन म्हणजे जिची वाट पाहायची ती. आमच्या मते या शब्दाच्या पोटात दडलेले विधान हे आहे. तरुण मंडळी 'लाइन मारतात' तेवढा एक अपवाद. तेथे वाक्याचा कर्ता माणूस असतो. पण तेथेही बहुधा वाटच पाहावी लागते.

कोळशाच्या गावाला विजेची वाट पाहावी लागावी, यातली विसंगती वेगळी सांगायला नको. एका बाजूला खापरखेडा, थोडे पुढे कोराडी. औष्णिक विद्युत केंद्रांच्या चिमण्या लांबून दिसतात. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमन जोरात होते, तेव्हा लाइनीतली माणसे अंगणात खाटा टाकून त्या चिमण्यांवरचे दिवे मोजीत बसत. त्या विद्यार्थ्याचे वाक्य या अंधारातून आलेले होते. आम्ही त्याच्यावर 'वीजपुरवठा खंडित' असे लिहिले. ही भाषा सूचनाफलकाची आहे. वीज बंद करणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर वीजपुरवठा खंडित होतो. ज्याच्या घरात अंधार होतो त्याची लाइन जाते. म्हणजे शुद्धलेखनाच्या नावाखाली आम्ही त्या मुलाला त्याच्या जागेवरून उठवून दुसऱ्याच्या खुर्चीत बसविले होते.

तांबड्या शाईला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून विसाव्या शतकातील भाषाशुद्धीच्या चळवळीपर्यंत तिची धार दिसते. तिने भाषेला कितीतरी चांगले शब्द दिले. 'दिनांक' आणि 'महापौर' यांच्यावाचून आज आपले चालणार नाही. तेव्हा परके शब्द आले की आनंदाने टाळ्या वाजवाव्यात, असे आमचे म्हणणे नाही. पण आपला शब्द घातला म्हणजे घर स्वच्छ झाले, असेही नाही. 'पंक्ती' हा शब्द घ्या. संस्कृतात तो 'पाच'शी नाते सांगतो. पाच चरणांच्या वैदिक छंदाचे ते नाव. पुढे त्याचा अर्थ ओळ झाला, कवितेची ओळ झाला, आणि मराठीत त्याचीच पंगत झाली. जेथे पंगत आली तेथे पंक्तिभेद आला. कोणी कोणाच्या ओळीत बसायचे आणि कोणी उठायचे, हे त्या शुद्ध शब्दाने शतकानुशतके ठरविले. आमच्या नदीच्या काठी बाबू हरदास यांची समाधी आहे. कामठीच्या बिडी कामगारांत काम केलेले, १९३९ मध्ये अकाली गेलेले हे कार्यकर्ते. 'जय भीम' या अभिवादनाचे श्रेय त्यांना दिले जाते. ज्यांना पंक्तीत जागा नव्हती त्यांनी स्वतः घडविलेले ते दोन शब्द कामठीहून निघून देशभर गेले. लाइन बाहेरून आत आली. हे शब्द आतून बाहेर गेले. शब्द कोठला, यापेक्षा वाक्यात कर्ता कोण, हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटू लागला आहे.

आता वडिलांविषयी.

निवृत्तीनंतर बारा वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. शेवटच्या आठवड्यात त्यांचे बोलणे तुटक झाले होते. रात्री मध्येच जागे होत आणि विचारीत, "लाइन आली का?" पंखा फिरत असे, दिवा लागलेला असे. आम्ही म्हणत असू, "आहे की बाबा. गेलीच नव्हती." ते आमच्याकडे पाहत, मान वळवीत, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारीत. गाडीचा आवाज आला की आम्हांला वाटे, आगगाडीविषयी विचारीत असतील. मग म्हणत असू, "हो, गेली आत्ता." त्यानेही त्यांचे समाधान होत नसे. डॉक्टर म्हणाले, भ्रम आहे. आम्हीही ते मान्य केले.

संस्कृत अलंकारशास्त्र शिकविताना आम्ही 'सैंधव' हे उदाहरण कितीदा दिले असेल! सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे घोडाही. जेवताना धन्याने 'सैंधव आण' म्हटले तर मीठ आणायचे, बाहेर निघताना म्हटले तर घोडा. अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ कशाने ठरतो याची यादी भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त दिली आहे: साहचर्य, विरोध, प्रकरण, औचित्य, देश, काल इत्यादी. परीक्षेत ही यादी विद्यार्थी घडाघडा लिहितात. आम्हीही ती पाठ म्हणू शकतो. पण घरात, खाटेजवळ, ती यादी लावताना आम्ही एक गोष्ट गृहीत धरली होती. देश म्हणजे ही खोली आणि काल म्हणजे ही रात्र, असे आम्ही धरून चाललो होतो. बोलणारा माणूस वेगळ्या देशात आणि वेगळ्या काळात असू शकतो, हे आमच्या ध्यानात आले नाही.

तेराव्याच्या दिवशी वडिलांचे खाणीतले एक जुने सोबती आले होते. बोलता बोलता हा प्रसंग निघाला. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तो खाली होता गा." आणि त्यांनी समजावून सांगितले. भूमिगत खाणीत पाणी सतत झिरपत असते. ते एका खड्ड्यात गोळा होते आणि पंपाने वर फेकावे लागते. वरून वीज गेली की पंप थांबतो. पाणी थांबत नाही. पंपखलाशी डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात खड्ड्याशी बसून राहतो, दगडावर खडूने रेघ मारतो, आणि पाणी रेघेच्या किती वर आले ते पाहतो. ठरावीक वेळाने फोनवरून वर विचारतो, "लाइन आली का?" पलीकडे काम करणाऱ्यांना बाहेर काढायचे की नाही, ते त्या उत्तरावर ठरते. "तुझ्या बाबाने एका पावसाळ्यात रातभर इचारलं होतं," ते म्हणाले.

म्हणजे आमच्या 'आहे की बाबा' या उत्तराला त्यांच्या लेखी काही अर्थच नव्हता. पंप सुरू झाल्याचा आवाज येत नव्हता आणि वरचा माणूस सांगत होता की लाइन गेलीच नव्हती. त्या स्थितीत कोणताही जबाबदार खलाशी पुन्हा पुन्हा विचारील. भ्रम त्यांना झाला असेल. पण त्यांचे वाक्य बिनचूक होते. लाइन आणि रेघ हे दोन शब्द त्यांनी आयुष्यभर वेगळे ठेवले होते. रेघ त्यांनी स्वतः मारलेली होती. लाइन यायची होती.

आम्ही काय म्हणायला हवे होते? पुष्कळदा विचार केला आहे. 'आली बाबा, पंप चालू करा,' एवढे म्हटले असते तर कदाचित ते निवांत झोपले असते. पाच शब्द पुरले असते, पण ते सुचायला आम्हांला त्यांच्या कामाची भाषा यायला हवी होती. ती भाषा आमच्या लाइनीत, आमच्या अंगणात, आमच्या समोर वर्षानुवर्षे बोलली जात होती. आम्ही ती सुधारीत होतो.

तो विद्यार्थी पुढे काय झाला ते येथे सांगण्याचे कारण नाही. तो आपल्या लाइनीला लागला, एवढे पुरे. पण आम्ही त्यानंतर एक बदल केला. अनेकार्थता शिकविताना सैंधवाच्या उदाहरणानंतर फळ्यावर 'लाइन' हा शब्द लिहितो आणि विद्यार्थ्यांना सांगतो की आपल्या घरी हा शब्द कोण, केव्हा, कोणत्या क्रियापदासह वापरतो, ते विचारून या. उत्तरे दर वर्षी निराळी येतात. एकीची आजी बँकेतल्या रांगेविषयी बोलते, एकाचा मामा वीज मंडळाच्या खांबावर चढतो आणि 'लाइन चालू आहे' या तीन शब्दांवर त्याचा जीव टांगलेला असतो. गेल्या वर्षी एका मुलीने लिहिले होते की तिच्या घरी हा शब्द वापरायला बंदी आहे, कारण वडिलांना आता लाइनीतले म्हणवून घ्यायचे नाही. तिच्या वहीच्या समासात आम्ही काहीच लिहिले नाही. वही परत करताना, आमचे घर कोणत्या लाइनीत होते, ते मात्र तिला सांगितले.